चालू स्थितीतली बीएमएक्स

कल्पना करा, तुमच्यासमोर एक सायकल उभी आहे.

नाही, एवढी चांगली नाही. जरा खराब करा. अजून थोडी. चाकांतली हवा काढून टाका. चेनवर गंज चढवा, तोही असा की नुसतं बोट लावलं तर बोट विटकरी रंगाचं व्हावं. सीट फाडा आणि आतला स्पंज उंदरांना देऊन टाका. हँडलवर कोळ्याला जाळं विणू द्या. घाई करू नका, त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. आता या सगळ्यावर एक मोडका टेबलफॅन आणि रंगाचे रिकामे डबे रचा.

झालं? छान. ही आमची सायकल.

तिला बीएमएक्स म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असेल. बुटकी असते, चाकं लहान, टायर जाड आणि खडबडीत, हँडल म्हशीच्या शिंगांसारखं रुंद आणि त्याला मधोमध एक आडवी दांडी. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. थोडक्यात, आजोबा लोकांना सायकलमध्ये जे जे आवडतं ते सगळं काढून टाकलं की जी उरते ती बीएमएक्स. ही आमच्या मुलीची, तिच्या लहानपणची. ती मुलगी आता स्वतः आई झाली आहे आणि तिच्या मुलीला आम्ही टाचणी म्हणतो. अंगाने बारीक आणि प्रश्न विचारते ते टोचतात, म्हणून टाचणी.

टाचणीला सायकल येत नव्हती. मागे एकदा मैत्रिणीच्या मोठ्या सायकलवर बसली आणि आवारात सगळ्या मुलांच्या देखत आपटली. त्यानंतर कुणी सायकलचा विषय काढला की ती म्हणायची, "मला सायकल आवडतच नाही." मोठी माणसंही ज्या गोष्टीला घाबरतात तिच्याबद्दल असंच म्हणतात. मी पोहण्याबद्दल म्हणतो. त्यामुळे मी तिला कधी आग्रह केला नाही.

मग एके दिवशी तळघरात काहीतरी शोधताना तिने तो टेबलफॅन बाजूला केला.

"आजोबा, ही कुणाची?"

"तुझ्या आईची. तुझ्याएवढी होती तेव्हाची."

"आई यावर बसायची?"

"बसायची कसली, उडायची. आम्हीच घाबरून डोळे मिटायचो."

टाचणी सायकलभोवती एक फेरी मारून आली. कोळ्याचं जाळं तिने बोटाने हलकेच बाजूला केलं. मग म्हणाली, "मला हीच हवी."

आता तुमच्या लक्षात येईल की ज्या मुलीला सायकल आवडत नाही, तिने असं म्हणणं म्हणजे काय. मी लगेच हो म्हणालो. जिन्याशी लावलेली नोटीस मी हो म्हटल्यानंतर वाचली. वाचनाचा क्रम चुकला की असं होतं.

नोटीस इमारतीच्या सचिवांची होती. त्यांना मी नावं ठेवणार नाही. इमारतीचं पाणी, दिवे आणि शिस्त हा माणूस एकटा सांभाळतो, आणि त्यातली शिस्त कधीच जात नाही. नोटिशीत लिहिलं होतं: तळघरातील जी वाहने चालू स्थितीत नसतील ती रविवारी सकाळी भंगारात जातील. वाहन चालू असल्यास मालकाने ते स्वतः आवारात चालवून दाखवावे.

मी सचिवांना गाठलं.

"सायकल दुरुस्तीला घेतली आहे. तेवढी वगळा."

"दुरुस्ती असा प्रकार नाही, सर. चालू किंवा बंद."

"मग चालू धरा. दुरुस्ती चालू आहे."

"दुरुस्ती चालू आहे. सायकल बंद आहे."

जन्मभर मी मुलांची उत्तरं तपासली. समोरून बरोबर उत्तर आलं की मला ते कळतं, आणि कळलं की वाईटही वाटतं.

"आणि ही चालवून दाखवेल ना?" मी शेजारी उभ्या असलेल्या टाचणीकडे बोट दाखवून विचारलं. "सायकल तिचीच आहे."

"लहान मुलं मालक होऊ शकत नाहीत. मालक तुम्ही." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "असं करतो, मधे एकदा घरी येऊन बघून जातो. काम खरंच होत असेल तर आठवडाभर मुदत देता येईल. माझ्या अधिकारात आहे तेवढं."

चांगला माणूस. त्याची ती मुदत आम्ही कशी घालवली, ते सांगतो.

टाचणीची आई कामासाठी परगावी गेली होती आणि रविवारी परतणार होती. तेव्हा टाचणीने ठरवलं की आईला यातलं काहीही सांगायचं नाही. आई दारात येईल आणि समोर तिची सायकल, चकचकीत. मलाही बेत आवडला. फक्त त्या सायकलबद्दल ज्या एकाच माणसाला सगळं ठाऊक होतं, त्या माणसाला विचारायची वाट आम्ही आपल्या हाताने बंद केली, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही.

मुलांनो, जुनी वस्तू दुरुस्त करताना पहिली पायरी कोणती? सुटी करण्याआधी ती नीट बघून घेणे. कुठला भाग कुठे आहे, कशाला जोडला आहे, कशासाठी आहे. ही पायरी फार महत्त्वाची आहे. आम्ही ती गाळली. हॉलमध्ये चादर अंथरली आणि थेट पाना हातात घेतला.

टाचणीची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, ही चादर?"

"जुनी आहे ना?"

"कालच काढली."

चादरीचा पुढचा इतिहास मी सांगत नाही. ती अजून घरात आहे, पण आता तिला कुणी चादर म्हणत नाही.

सायकल सुटी होत असल्याची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. सर्वांत आधी आले समोरच्या दाराचे शेजारी. त्यांना सगळे अनुभवी म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव असा' इथून सुरू होतं. त्यांच्याकडे आयुष्यात सायकल नव्हती. पण अनुभवाला वस्तू लागतेच असं नाही.

"मास्तर, माझा अनुभव असा, की गंजाला रॉकेल."

"रॉकेल नको, काका." हा आवाज तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंचा. त्या दवाखाना बंद करून सरळ वर आल्या होत्या. "व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा. मग मी देते त्या ब्रशने घासा. गंज आणि दातांवरचा थर, दोन्ही सारखंच. कोपऱ्यात बसतो, दिसत नाही, आणि माणूस म्हणतो मी रोज घासतो."

हे म्हणताना त्यांनी अनुभवींकडे पाहिलं. अनुभवींनी तोंड मिटून घेतलं. ते अधूनमधून असं मिटावं म्हणून डॉक्टरीणबाईंना मी पुढेही रोज बोलावत राहिलो.

चेन आणि नट-बोल्ट व्हिनेगर घालून आंघोळीच्या बादलीत भिजत ठेवले. उपाय उत्तम आहे, तुम्ही जरूर करून बघा. फक्त बादली वेगळी घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चेन काढून घेतल्यावर मी घाईत त्याच बादलीत पाणी भरलं. अंगावर गंज नव्हताच, त्यामुळे निघाला नाही. पण दिवसभर जो भेटला तो दोन पावलं मागे सरून बोलला.

टाचणीने मात्र मन लावून काम केलं. दातांच्या ब्रशने तिने चाकाचा एकेक आरा घासला. जिभेचं टोक बाहेर, कपाळावर काळा पट्टा. मधेच तिला फ्रेमवरच्या गंजाखाली लाल रंग सापडला तेव्हा ती अशी ओरडली की आजी हातातलं लाटणं घेऊनच धावत आली.

"लाल आहे! आजी, आईची लाल होती!"

"हो गं, लालच होती," आजी म्हणाली, आणि ज्या चादरीकडे दोन दिवस बघत नव्हती तिच्यावरच बसून तीही घासू लागली.

आता छर्र्यांकडे येऊ. सायकलच्या चाकात, हँडलखाली, पायडलच्या दांड्यात पोलादाचे बारीक गोल छर्रे असतात. त्यांच्यावरच सगळं गरगर फिरतं. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी एक युक्ती केली. शिक्षकाला वर्गीकरणाची हौस असतेच. मी बर्फाचा ट्रे घेतला आणि एकेका खणात एकेका जागेचे छर्रे ठेवले. टाचणीला बोलावून दाखवलं. "ही पद्धत लक्षात ठेव. पसारा होत नाही, हरवत नाही." अनुभवींनीही मान डोलावली. मग छर्रे धुवायला काढून घेतले, ट्रे मोरीत ठेवला आणि विसरलो. एका खणाच्या तळाशी, काळ्या ग्रीसमध्ये एक छर्रा चिकटून राहिला होता, हे मला दिसलं नाही. आजीलाही दिसलं नाही. तिने ट्रे खळखळून विसळला, पाणी भरलं आणि फ्रीजमध्ये ठेवला.

सचिव आले ते नेमके दुपारी, उन्हातून. कबूल केल्याप्रमाणे. खाली बसून त्यांनी सुटी चाकं पाहिली, घासलेली चेन पाहिली, टाचणीचं काळं कपाळ पाहिलं.

"काम होतंय की, सर!" ते खरोखर खूश झाले होते. "देऊ या आठवड्याची मुदत."

टाचणीने माझा हात घट्ट दाबला. आजीला इतका आनंद झाला की तिने लगेच लिंबाचं सरबत केलं. भरपूर बर्फ घातला.

सचिवांनी मोठा घोट घेतला. बर्फाचा खडा दाढेखाली धरला. 'कट्' असा आवाज झाला. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी हळूच तळहातावर काहीतरी काढलं. लहानसं, गोल, काळं.

"दात," ते पुटपुटले. "माझा दात पडला."

डॉक्टरीणबाई समोरच ब्रश घेऊन बसल्या होत्या. त्यांनी क्षणात सचिवांची हनुवटी वर केली, खिडकीच्या उजेडात तोंड उघडायला लावलं आणि सगळे दात नीट पाहून घेतले.

"सगळे आहेत. हा तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

"सायकलचा," टाचणी म्हणाली. तिने छर्रा सचिवांच्या हातावरून अलगद उचलला, फ्रॉकला पुसला आणि म्हणाली, "पुढच्या चाकाचा. आम्ही कधीचा शोधत होतो. थँक्यू काका."

सचिव उठले. ग्लास खाली ठेवला. सरबताचा एक थेंब त्यांच्या शर्टावरून खाली आला, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"रविवारी सकाळी," ते म्हणाले. "नोटिशीप्रमाणे."

दार लागलं. टाचणीने छर्रा मुठीत धरून ठेवला होता. मग अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव असा, की सरबतात बर्फ घालूच नये."

झालं ते झालं. आम्ही कामाला लागलो. चाकं बसवली, नव्या ट्यूब घातल्या, हवा भरली, नवी सीट लावली. रात्रीच्या जेवणाआधी सायकल आपल्या दोन चाकांवर हॉलमध्ये उभी राहिली. आता फक्त पायडलं बदलायची होती, कारण जुन्यांची रबरं उंदरांनी स्पंजानंतर तोंडी लावायला घेतली होती.

इथे मी टाचणीला एक धडा दिला. "हे बघ. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की घट्ट. उलट फिरवलं की सैल. बाटलीचं झाकण असो, नळ असो, जगात कुठेही जा. हा नियम कधी चुकत नाही." आणि मी पाना लावून उजवं पायडल उलट फिरवलं. सुरेख निघालं. टाचणीने टाळ्या वाजवल्या. मी नको तितका प्रसन्न झालो.

डावं पायडल मात्र हलेना.

मी जोर लावला. आजीने तेल आणून दिलं. मी आणखी जोर लावला. अनुभवी मदतीला आले आणि दोघांनी मिळून लावला. दांडा गोल फिरत होता म्हणून तो आजीच्या कपडे वाळत घालायच्या दोरीने फ्रेमला बांधला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लांब दांडी असली की जोर कमी लागतो," आणि पडदे लावायचा एक पोकळ पाइप पान्यावर चढवला. मग आम्ही तिघं त्या पाइपवर ओणवे झालो.

"फिरतंय!" अनुभवी ओरडले. फिरत होती ती सायकल. ती सोफ्यावर कलंडली, सोफ्यावरची उशी टीपॉयवर, टीपॉयवरचा चहा अनुभवींवर.

सायकल परत उभी करून सगळे थकून बसले. पाइप स्वयंपाकघराच्या वाटेत येत होता, म्हणून आजीने, "जाता-येता लागेल कुणाला तरी," असं म्हणत पाना काढून त्याच पायडलला, पण पाइप मागच्या चाकाकडे येईल असा लावून ठेवला. टाचणीला बसायला जागा नव्हती. हातात बिस्कीट घेऊन ती त्या पाइपच्या टोकावर बसली.

'कर्रर्र' असा आवाज झाला आणि टाचणी बिस्किटासकट जमिनीवर आली. पायडल सैल झालं होतं.

"आजोबा, हे तर घट्ट करायच्या बाजूने निघालं."

मी चष्मा पुसला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाय सारखा पुढे फिरून ते आपोआप सुटू नये म्हणून. हे मी नंतर शोधून काढलं. त्या क्षणी मी म्हणालो, "बघितलंस ना? नियमाला अपवाद असतो, हे तुला स्वतःहून कळावं म्हणूनच मी—"

"आजोबा, खोटं."

"हो," मी म्हणालो.

नवी पायडलं आणली ती दोन्ही उजव्या बाजूची निघाली. दुकानदाराने डबा न उघडता दिला होता आणि मी न उघडता घेतला होता. डावं मिळायला शनिवार संध्याकाळ उजाडणार होती. (संध्याकाळ उजाडत नाही, मला माहीत आहे. पण वाट बघणाऱ्याला ती उजाडते.) तोवर सायकलला पायडलच नव्हतं. ती नुसतीच पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी असायची.

मग एकदा पेपर वाचताना मला घरंगळल्यासारखा आवाज आला. डोकावून बघतो तर टाचणी सायकलवर बसलेली. दोन्ही पाय जमिनीला लावून ती सायकल पुढे ढकलत होती, बदकासारखी. पॅसेजच्या टोकाला जायची, उतरायची, सायकल वळवायची, परत यायची.

"अरे वा! सायकल चालवतेस?" मी म्हणालो.

ती चटकन उतरली. "चालवत नाहीये. नेतेय."

"बरं बरं. ने."

मी पेपर तोंडासमोर धरला. कडेने बघत होतो. हळूहळू तिची पावलं लांब पडू लागली. मग ती दोन्ही पाय उचलून घेऊ लागली आणि सायकल तशीच काही अंतर सरळ जाऊ लागली. मी काही बोललो नाही. शिकवणाऱ्याला कधी गप्प बसायचं हे कळलं की त्याचं अर्धं काम झालं, असं मला वाटतं. बाकीचं अर्धं जमत नाही ही गोष्ट वेगळी.

शनिवारी पायडल आलं. बसवलं. सायकल लाल झाली होती, चाकं फिरत होती, चेन चुपचाप चालत होती. टाचणी हँडल न्याहाळून म्हणाली, "आजोबा, ब्रेक कुठे आहेत?"

खरंच नव्हते. हँडलला दाबायचं काहीच नव्हतं.

"पडले असतील कुठेतरी. पुढच्या आठवड्यात बसवू. नोटिशीत चालवून दाखवा म्हटलंय, ब्रेकचं काही म्हटलेलं नाही."

"मग थांबणार कसे?"

"पाय आहेत की," मी म्हणालो.

"माझा अनुभव असा," अनुभवी म्हणाले, "की ब्रेक घाबरट माणसांसाठी असतात."

टाचणीला हे पटलेलं दिसलं नाही. पण ती मुकाट्याने झोपायला गेली. जाताना तिने सायकलवर आपला टॉवेल पांघरला.

रविवारी सकाळी आवारात सगळी इमारत जमली होती. भंगाराचा टेम्पो उघड्या फाटकाशी उभा होता आणि त्यात आमच्या टेबलफॅनसह बरंच काही चढलेलं होतं. सचिव हातात लाल चिठ्ठ्या घेऊन उभे होते. ज्या वाहनावर चिठ्ठी लागेल ते टेम्पोत. टाचणी माझ्या शेजारी, सायकलच्या सीटवर हात ठेवून.

"बसा, सर," सचिव म्हणाले.

मी बसलो. मुलांनो, आठ वर्षांच्या मुलासाठी केलेल्या सायकलवर आजोबा बसले की त्यांचे गुडघे कुठे येतात, याची कल्पना करा. अजून वर. हां, तिथे, कानांशी. आवारात कुणीतरी फिसकन हसलं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. हसणारी माझी बायको होती.

मी पहिलं पायडल मारलं. सायकल निघाली. दुसरं मारलं. काय सांगू तुम्हाला, इतकी हलकी, इतकी मऊ चालत होती ती! छर्रे आपापल्या जागी गरगरत होते. मुलं ओरडत होती. मी ताठ मानेने सचिवांसमोरून गेलो आणि हळूच मान तुकवून त्यांना नमस्कारही केला. आणि तेवढ्यात मला आठवलं की आमचं आवार फाटकाकडे उतरतं आहे.

वेग वाढला. मी दोन्ही मुठी घट्ट दाबल्या. मुठींत हँडलच होतं, दाबायला दुसरं काही नव्हतं. मी पाय जमिनीला लावायला गेलो. एक चप्पल मागे राहिली. समोर फाटक. फाटकात टेम्पो. आणि टेम्पोच्या बाजूने, पाठीला बॅग अडकवून, आत येत होती आमची मुलगी.

तिने आधी सायकल पाहिली. मग तिच्यावरचा माणूस पाहिला. हातातली पिशवी टाकून ती ओरडली, "बाबा! उलटं! उलटं पायडल मारा! मागे!"

सूचना मिळाली की आधी तिचा अर्थ समजून घ्यावा, मगच कृती करावी, असं मी मुलांना शिकवत आलो. मला अर्थ समजेपर्यंत कुंपण आलं. टेम्पो चुकवायला मी हँडल वळवलं होतं, आणि झुडपांनी मला आणि सायकलला मोठ्या मनाने आत घेतलं.

लागलं काही नाही. खरंच. अंग खरचटलं, शर्ट एका फांदीत अडकला आणि चष्मा कुठेतरी पानांत गेला. मुलीने आणि डॉक्टरीणबाईंनी सायकल आधी बाहेर काढली, हे मी इथे नमूद करून ठेवतो.

"बाबा, हिला हाताचा ब्रेक कधी नव्हताच," मुलगी म्हणाली. ती सायकलच्या लाल दांडीवरून हात फिरवत होती. "मागे पायडल मारलं की थांबते. ही... ही तुम्ही कशी..."

"आई, मी घासली," टाचणी म्हणाली. "आरे सगळे मी घासले."

तेवढ्यात सचिव आले. त्यांनी सायकलकडे पाहिलं, झुडपाकडे पाहिलं.

"चालते," ते म्हणाले. "यात वाद नाही. पण थांबत नाही. जे वाहन थांबत नाही, त्याला मी चालू कसं म्हणू? उद्या कुणाचं मूल आडवं आलं तर?"

"थांबते हो!" मुलगी म्हणाली.

"मालकाने दाखवायला हवं."

"मालक झुडपात आहेत," आजी म्हणाली.

मी उठायचा प्रयत्न केला. शर्ट फाटल्याचा आवाज आला म्हणून परत बसलो. टेम्पोवाला पुढे आला आणि त्याने हँडलवर हात ठेवला. सचिवांनी लाल चिठ्ठी काढली. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे मी बिनचष्म्याचाही सांगू शकतो.

टाचणी झुडपाजवळ आली. खाली वाकून तिने मला विचारलं, "आजोबा, दुखलं?"

"थोडंसं."

"खूप नाही?"

"नाही गं. पडलो, झालं."

तिने माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. डोक्यात पानं, एका पायात चप्पल, आजूबाजूला सगळी इमारत हसतेय. मग ती वळली. टेम्पोवाल्याला म्हणाली, "सोडा काका, माझी आहे." त्याने सोडली. तिने सायकल ढकलत आवाराच्या वरच्या टोकाला नेली. तिची आई मागे धावली. "थांब, मी सीट धरते."

"नको."

ती बसली. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. आवारात ज्या मुलांसमोर ती पडली होती ती सगळीच उभी होती, आणि आता कुणी हसत नव्हतं. तिने दोनदा जमिनीवर पाय मारला, पॅसेजमध्ये मारायची तसा, आणि मग तो पायही उचलून पायडलवर ठेवला.

सायकल डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग सरळ झाली आणि उतारावरून थेट सचिवांच्या दिशेने येऊ लागली. सचिव मागे सरले नाहीत. बहुधा घाबरून गेले असावेत, पण मी त्याला धैर्य म्हणेन. माझ्या मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. अनुभवींनी डोळे मिटले.

टाचणीने पाय मागे दाबले. मागचं चाक खर्रकन घासलं, थोडी धूळ उडाली, आणि सायकल थांबली. सचिवांच्या बुटापासून वीतभर अंतरावर.

सचिवांनी खाली चाकाकडे पाहिलं. हातातल्या लाल चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ती खिशात ठेवली. काहीतरी बोलायला त्यांनी घसा खाकरला.

टाचणीने ऐकून घ्यायची वाट पाहिली नाही. हँडल वळवलं, पायडल वर घेतलं आणि म्हणाली, "सरका ना काका, मला अजून एक फेरी मारायचीय."